वाऱ्याच्या अंगाला

मंगळवार, ९ सप्टेंबर
चाकण

रोहिणीबाय,

तू वाकून पाया पडलीस असं धरून आशीर्वाद देते. दिवाळीला आलीस की राहिलेलं वाकून घे.

आम्ही खुशाल आहोत. तुझ्या आईचे गुडघे, माझे कान आणि गोठा पाडून बांधलेल्या खोल्यांचे नळ, तिन्ही आपापल्या मर्जीनं चालतात. पत्र लिहितेय ती आपली भाडेकरू विजयश्री. लातूरकडची आहे. नवरा समाधान शिफ्टला गेला की हिला मोकळा वेळ असतो आणि मला तर जन्मभर मोकळाच. मी 'न्हाई' म्हटलं की ती 'नाही' लिहिते. म्हटलं, लिही बाई, पोरगी मारुंजीत राहते, वाचताना घशात खडा अडकायला नको. आता विचारतेय, "आजी, हे बी लिहायलेय, चालंल का?" सगळं लिही गं. माझ्या तोंडातून निघालं की ते माझं राहत नाही.

फोन का केला नाही म्हणशील. या घरात फोनला फार कान आहेत. तुझा बाप ओट्यावर बसलेला असतो, आणि मला हळू बोलता येत नाही हे भामा नदीच्या पलीकडच्या गावालाही ठाऊक आहे.

काम असं आहे की मला एक लायटर हवाय.

हसू नको. आणि शेगडीजवळ लटकतो तसला नको. तो नुसता चिमणीसारखा टकटकतो, त्याच्या पोटात जाळ नाही. मला जाळाचा हवा. उघड्यावर चालला पाहिजे, वाऱ्यात चालला पाहिजे, लाकूड ओलं असलं तरी त्यानं हात वर करता कामा नये. आणि ज्याला सवय नाही अशा माणसाच्या हातातही लगेच पेटला पाहिजे. तू डोंगर चढत हिंडतेस, तीन दगडांवर पातेलं ठेवून शेवया उकडून खातेस, तुला यातलं कळतं. कशाला हवाय ते विचारायचं नाही. होळीला हवाय असं समज. होळी फाल्गुनात असते हे मलाही माहीत आहे.

आता बातमी. आपल्या आळीतली गोजाबाई गेली, ते तुला आईनं सांगितलंच असेल. ती कशी गेली ते सांगितलं असेल, पण कशी पेटली ते कुणी सांगितलं नसेल. ते ऐक.

श्रावणाची सर येऊन गेलेली, घाटावर वारा सुटलेला. पुढं गोजाबाईचा थोरला, हातात विस्तवाचं मडकं. घरातला विस्तव मडक्यात घालून थोरल्यानं पुढं चालायचं आणि त्यानंच चिता पेटवायची, ही आपली रीत. पण घरात विस्तव आहे कुठं? चूल मोडली, गोठ्याच्या जागी गाड्या लागतात. मग त्यांनी गोवऱ्या फोनवरून मागवल्या. प्लास्टिकात गुंडाळलेल्या, वर गाईचं चित्र. गाय चित्रात हसत होती आणि गोवरी आतून ओली होती. घाटावर पोचेपर्यंत मडकं गार.

काडेपेटी काढली तर ती दमट. तेव्हा तुझे चुलत आजोबा अण्णासाहेब, ज्यांना दुसऱ्याच्या मयतातही पुढारी व्हायला आवडतं, ते ओरडले, "अरे, कुणाकडं काही पेटवायला हाय का न्हाई?"

रोहिणी, तिथं अर्धं तरणं गाव उभं होतं. त्यातल्या प्रत्येकाच्या खिशात लायटर आहे हे त्यांच्या आयांना ठाऊक, मला ठाऊक आणि टपरीवाल्याला ठाऊक. पण बापासमोर काढणार कोण? सगळी पोरं खिसे चाचपायचं असं काही नाटक करत होती, की तमाशात घेतली असती. शेवटी मीच म्हणाले, "काढा रे बाबांनो. गोजाबाई आता कुणाच्या बापाला सांगायला जात न्हाई."

तेव्हा तिच्या नातवानं, ओमनं, काढला. त्याच्या बापानं तिथंच हातात गार मडकं धरून विचारलं, "कुणाचा रं?"

"मित्राचा हाय."

"मित्राचा, आन् तुज्या खिशात?"

"ठिवायला दिलता."

घाटावर हसू फुटलं गं. गोजाबाईसुद्धा हसली असणार, तिला नातवाच्या थापा फार आवडायच्या. पण तो लायटर काही टिकेना. पेटायचा, वारा यायचा, विझायचा. ओमचा अंगठा भाजला. गोजानं जन्मभर कुणाचं ऐकलं नव्हतं, ती जातानाही ऐकेना. मग कुणीतरी ट्रॅक्टरमधून डिझेल आणून ओतलं आणि भसकन् भडका झाला. माणसं मागं सरली, दोघं पडली.

पण त्यानंतर जे झालं, ते मला सांगता येईल का माहीत नाही. जाळ स्थिरावला. ती लाकडं बघ, काळी, ओली, हट्टी. पावसाचं पाणी अजून त्यांच्या सालीतून फसफसत होतं. आणि त्यांतूनच हे सोनं वर आलं, माणसाच्या दुप्पट उंच. इतका वेळ हे कुठं होतं? बाभळीच्या पोटात होतं का? ती उन्हात उभी असायची तेव्हा थोडं थोडं पीत होती का? मी जन्मभर चूल फुंकली आणि हा प्रश्न मला पडला नव्हता. आग आपण आणत नाही गं. ती आतच असते, आपण कडी काढतो फक्त. मी हात जोडले, ते गोजाला की त्या जाळाला, मलाच कळलं नाही.

तुझा बाप कुठं होता म्हणशील. तो वर रस्त्यावर गाड्या राखत होता. मयताला आलेल्यांच्या गाड्या कोण चोरणार होतं, ते मी विचारलं नाही. तूही विचारू नको.

लायटर घरी पाठवू नको. समाधान रविवारी तुझ्याकडं येईल, त्याच्या हाती दे.

सहीच्या जागी अंगठा उठवते. रेशनच्या मशीनलाही माझाच अंगठा लागतो, तुझ्या बापाचा ते घेत नाही. शिकलेल्याला ओळखत नाही आणि अडाण्याला ओळखतं, असलं मशीन मला फार आवडतं.

तुझी आजी,
गवराबाई


रविवार, ९ नोव्हेंबर

रोहिणीबाय,

तुझी पिशवी पोचून बरेच दिवस झाले. एक मागितला होता, तू चार पाठवलेस. तुझ्या आजोबांचा स्वभाव आहे तो, मीठ आणायला जाऊन मिठागर आणणारा. दिवाळीत तू डोळ्यांनी सारखी विचारत होतीस आणि मी तुझ्या तोंडात चकली कोंबत होते, कारण तुझा बाप समोर होता. आता सांगते.

तो संध्याकाळी मारुतीच्या पारावर गेला की मी नि विजयश्री गच्चीवर जायचो. गच्चीवर वारा कसा असतो तुला ठाऊक आहे. समोरचा डोंगर गोडाऊनवाल्यांनी निम्मा कापला, तेव्हापासून वारा मोकाट सुटलाय. विटांच्या आडोशाला काटक्या मांडायच्या, विजयश्रीनं तांब्यातलं पाणी शिंपडून त्या ओल्या करायच्या, आणि मग एकेकाची परीक्षा घ्यायची. लग्नाला मुलगे बघतात तशी.

पहिला, टपरीवरचा प्लास्टिकचा. दिसायला गोरा, पण वाऱ्याची चाहूल लागली की घरात पळतो. ओमच्या मित्राच्या लायटरचा भाऊच तो. नापास.

दुसरा निळ्या जाळाचा, सूंऽऽ करणारा. काय त्याचा तोरा! वाऱ्याला भीक घालत नाही, काटकीला भोक पाडतो. पण गॅस असा पितो की संपला कधी ते कळत नाही. आणि तुझ्या चिठ्ठीत होतं ना, की थंडीत गारठला की तो रुसतो, आधी खिशात ठेवून ऊब द्यावी लागते? ऐन वेळी जावयाचा रुसवा कोण काढणार? तोही बाद.

तिसरा चार्जिंगचा. रोहिणी, त्याचं बटण विजयश्रीनं दाबलं आणि मी खालीच बसले. दोन टोकांच्या मध्ये जांभळा धागा, जिवंत, थरथरता. वीज गं! उन्हाळ्यात ही डोंगरावर पडली की आम्ही लेकरं पोटाशी धरून बसायचो, आंबा उभा चिरलेला मी डोळ्यांनी पाहिलाय. तीच ही, माझ्या नखाएवढी होऊन, मुठीत. फुंकून विझेना, तांब्यातल्या पाण्याचे थेंब उडाले तरी विझेना. मी तिला हळद-कुंकू वाहणार होते, विजयश्रीनं हात धरला. म्हणाली, "आजी, करंट बसंल की!" पण ती बापडी दिव्याच्या वातीपुरती. जाड काटकी तिच्या तोंडात मावत नाही, आणि चार्जिंग संपलं की नुसता पेनाचा तुकडा. देव्हाऱ्यात ठेवलाय तिला. तिथंच शोभते.

चौथा पत्र्याचा, झाकणाचा, पोटात पेट्रोल प्यालेला कापूस आणि वर वात. खट् उघडायचं, चाक फिरवायचं. मी पदरानं वारा घातला. जाळ आडवा झाला, इवलासा झाला, गेलाच म्हणेपर्यंत पुन्हा उभा राहिला. हातातून सोडून खाली ठेवला तरी जळत राहतो, धरून बसावं लागत नाही. ओली काटकी तडतडली, धुरकटली आणि पेटली. विजयश्री म्हणाली, "ह्योच." मीही म्हटलं, हाच. घराण्याचा आहे.

तू लिहिलंयस की याचं पेट्रोल आपोआप उडून जातं, आठ दिवसांनी भरावं आणि रोज वापरावा. बरं. पण चांगली वस्तू कुणी रोज वापरतं का? तुझ्या आजोबांच्या फेट्याच्या तुकड्यात गुंडाळून ट्रंकेत तळाशी ठेवलाय, माझ्या पैठणीच्या घडीत. पैठणी मी लग्नानंतर कधी नेसले नाही, म्हणून तर ती अजून नवी आहे.

आता कशाला हवाय ते.

माझ्या सासूबाई, सोजरबाई, यांच्या राज्यात या घरात काडेपेटी आली की ती लाजेची गोष्ट होती. रात्री चुलीतला विस्तव राखेखाली झाकायचा, पहाटे राख सारून फुंकायचा. शेजारच्या बायका खापर घेऊन विस्तव मागायला यायच्या. मी नवी नवरी असताना एकदा सासूबाई म्हणाल्या, "हा माझ्या सासूनं मला दिला, आता तू सांभाळ." तेव्हा मी मनात हसले होते. विस्तव म्हणजे काय तांब्याचा हंडा आहे वारशानं द्यायला! आता हसू येत नाही. बघ ना, लाकडं हजारदा बदलली, राख हजारदा शेतात गेली, ज्या बायकांनी फुंकली त्या गेल्या, आणि मधला तो लाल ठिपका तोच. कुणी पाहिलेली नाही अशी कुणीतरी पहिली बाई असेल, तिनं पेटवलेला. माझ्या फुंकरीखाली ती बाई हसत असायची.

आणि तुझा बाप. त्याचं नाव ज्योतीराम सासूबाईंनीच ठेवलं. तो कारखान्यात भट्टीवर लागला तेव्हा मला वाटलं, घरचंच काम मिळालं पोराला. एका वर्षी कारखान्यात घरच्यांना बघायला बोलावलं होतं. तू कडेवर होतीस, तुला आठवायचं नाही. भट्टीचं दार उघडलं आणि आत सूर्य होता, रोहिणी. आतलं लोखंड लोखंडासारखं दिसतच नव्हतं, उजेडाचा गोळा. तुझ्या बापानं लांब सांडशीनं तो बाहेर काढला, सहज, जसं मी चुलीतून वांगं काढते. बाकीचे टाळ्या वाजवत होते. मी पायांतल्या चपला काढल्या.

पुढं त्याच दारातून जाळ उलटा आला. दोन्ही हात आणि गालाचा एक भाग. ते तुला ठाऊक आहे, तू शाळेत होतीस. अंगठ्याच्या रेषा जळून गेल्या, म्हणून मशीन त्याला ओळखत नाही. हे सगळे बोलतात. न बोलण्याचं मी सांगते. तेव्हापासून त्यानं उदबत्ती लावलेली नाही. तुझी आई गॅस पेटवते तेव्हा तो उठून ओट्यावर जातो, लोकांना वाटतं हवा खातोय. आपल्या आळीची होळी पेटवायचा मान आजोबांनंतर त्याचा, तो अण्णासाहेबांच्या नातवाकडं, सार्थककडं गेला. आणि गोजाबाईच्या चितेवर डिझेलचा भडका झाला तेव्हा मी वर रस्त्याकडं पाहिलं. तो दोन गाड्यांच्या मध्ये उकिडवा बसला होता, हात काखेत घालून, पोटात दुखणाऱ्या पोरासारखा.

मला वाटलं मीच पाहिलं. पण गोजाच्या तेराव्याला पंगतीत अण्णासाहेब मोठ्यानं म्हणाले, "वहिनी, तुमच्या वक्ताला काळजी करू नगा. आमचा सार्थक हाय. मडकं त्यो धरंल." तुझ्या बापाच्या हातात बुंदीचं ताट होतं. त्यानं ते नीट खाली ठेवलं आणि निघून गेला.

मी जायची भीती मला नाही गं. माणूस पिकलं की गळतं. पण त्या दिवशी माझा लेक साऱ्या गावासमोर उकिडवा बसलेला मला नको, आणि सार्थकच्या हातचा जाळही नको. मला पेटवायला घरचं माणूस हवं. म्हणून लायटर. मडकं तू धर. पिंपरीत, चाकणात पोरी देतात आता अग्नी, कुणाचं आभाळ पडलं नाही. बापाला आधी काही कळू द्यायचं नाही. त्या दिवशी नुसती पुढं हो, म्हणजे त्याला 'नाही' म्हणायची वेळच येणार नाही.

होळीला ये. सराव करू. माझ्यावर नको, गोवऱ्यांवर.

विजयश्री डोळे पुसतेय. शाई फुटली असेल तर ती तिची, माझी नाही.

तुझी आजी,
गवराबाई


धुळवड, सकाळी

रोहिणीबाय,

तुझं उत्तर आलं होतं. विजयश्रीनं वाचून दाखवलं आणि मी पुन्हा वाचायला लावलं. 'मडकं मी धरीन, पण बाबांना विचारल्याशिवाय नाही.' एवढंच. मला राग आला. म्हटलं, आजोबांचं नाक आलंय ते आलंय, हट्टही आला. मग मी तुझ्या बापाला विचारलं नाही, आणि कामामुळं तू होळीला आली नाहीस. चांगलं झालं की वाईट, ते तूच ठरव. काल काय झालं ते सांगते. मघाशी विजयश्रीला म्हटलं, घाई करू नको, एकही शब्द सांडू नको.

मी आळीत सांगून टाकलं होतं की यंदा होळी मी पेटवणार. अण्णासाहेब म्हणाले, "वहिनी, या वयात?" मी म्हटलं, "या वयातच. पुढच्या वर्षी मी पेटवणारी असंन का पेटणारी, कुणाला ठाऊक?" त्यांनी मिशी चोळली.

संध्याकाळी एरंड उभा केला, भोवती गोवऱ्या रचल्या, पुरणपोळीचा नैवेद्य ठेवला, बायकांनी पाणी फिरवलं. वारा गोडाऊनकडून सरळ अंगावर. मी ट्रंकेतून आमचा घराण्याचा काढला. फेटा सोडला, झाकण खट् केलं, चाक फिरवलं.

ठिणगी पडली. जाळ नाही.

पुन्हा फिरवलं. ठिणगी. माझा अंगठा दुखायला लागला, तो काही आता तरणा नाही. वातीला नाक लावलं तर पेट्रोलचा वाससुद्धा नव्हता. तू लिहिलं होतंस ना, उडून जातं म्हणून? पैठणीच्या घडीत, फेट्यात गुंडाळलेला, कुणी हात न लावलेला, तो आतल्या आत कोरडा झाला होता. माझ्यासारख्या बायकांचं असंच होतं. चांगलं म्हणून जपून ठेवायचं आणि वेळेला काढावं तर आत काही नाही.

सार्थक पुढं आला. पोरगा वाईट नाही, त्याच्या आजोबांसारखा नाही. "आजी, मी लावतो की."

"तू बोंब मारायची तयारी कर," मी म्हटलं. पण आता काय करायचं ते मलाही सुचेना. सगळी आळी बघत होती.

तेवढ्यात मागून हात आला.

"आई, दे इकडं."

तुझा बाप. ओट्यावरून कधी उतरला, मला कळलं नाही. मी म्हटलं, "तू जा वर. तुजं काम न्हाई ह्ये."

"त्यातलं पेट्रोल उडालंय. असला लायटर जपून ठेवायचा नसतो, रोज वापरायचा असतो."

"तुला काय ठाऊक?"

"दिवाळीच्या आदी गच्चीवर काटक्या जळत व्हत्या. धुराचा वास मला येत न्हाई व्हय, आई? साऱ्या घरात सगळ्यात आधी मला येतो." मग अगदी हळू, फक्त मला ऐकू येईल असं, "कशासाठी, त्ये बी कळतंय."

मी लायटर त्याच्या हातात ठेवला.

त्यानं विजयश्रीला देवघरातून कापूर आणि वातींचा कापूस आणायला सांगितला. कापूस पिंजून पिंजून म्हातारीचे केस उडतात तसा विरळ केला, त्यात कापूर चुरला, गोवऱ्यांच्या पोटात खाच करून तिथं ठेवला. काम कुठं चुकत नव्हतं. मग गुडघ्यावर बसला आणि म्हणाला, "आई, वाऱ्याच्या अंगाला उभी ऱ्हा. हलू नको."

मी वारा येत होता तिकडं पाठ करून उभी राहिले, पदर कमरेला खोचून. मी आहे केवढी, तुला माहीत आहे. पण त्या खाचेपुरता आडोसा झाला.

त्यानं चाक फिरवलं. ठिणगी पडली आणि त्याचा हात आपोआप मागं गेला, चटका बसल्यासारखा. कुणीतरी हसलं. त्यानं पुन्हा हात पुढं आणला. पुन्हा ठिणगी, पुन्हा हात मागं. अण्णासाहेब म्हणाले, "ज्योतीराम, ऱ्हाऊ दे रं, सार्थकला..." मी मान न वळवता म्हणाले, "अण्णासाहेब, वारं अडवायचं काम माझं हाय. तुमी अजून वारं घालू नगा."

पुन्हा फिरवलं. या वेळी हात मागं गेला नाही.

कापसाच्या एका धाग्यावर निळा थेंब बसला. एवढुसा, दहिवरासारखा. तो धाग्यावरून चालत गेला, कापराला भेटला, पिवळा झाला. गोवरीची कड लाल झाली. मग आतून एक श्वास घेतल्यासारखा आवाज आला आणि एरंडाच्या शेंड्यापर्यंत जाळ उठला, आणि आळीतल्या पोरांनी अशी बोंब ठोकली की डोंगरावरून परत आली.

माणसं मागं सरली. मीही सरले, तोंडाला ऊन लागल्यासारखं झालं. तुझा बाप सरला नाही. उभा राहिला आणि दोन्ही हात पुढं करून, तळवे उघडे, जाळाकडं बघत राहिला. त्याच्या गुळगुळीत तळव्यांवर तो सगळा जाळ दिसत होता गं, आरशात दिसावा तसा. कारखान्यात मी पाहिलेला तो सूर्य, तोच. आणि पुढं हा माझ्या पोटचा. हे एवढं मोठं, सगळं खाणारं, आणि त्याच्यापुढं हे एवढंसं, भाजलेलं, न हलणारं. यांतलं मोठं कोण ते मला सांगता येईना. मी चपला काढल्या.

तसाच उभा राहून म्हणाला, "भट्टीवर असताना कधी बघितलाच न्हाई असा. दार उघडायचं, काम करायचं, दार लावायचं."

मग नारळ भाजायला टाकत, माझ्याकडं न बघता, "मडकं मी धरंन, आई. वेळ लागंल थोडा. रोहिणीला म्हणावं, जवळ ऱ्हा."

तेव्हा पोरी, तुझं काम बदललं. पहिल्या पत्रात काय नि दुसऱ्यात काय मागितलं ते सोडून दे, हे लक्षात ठेव. माझ्या वेळी मडकं त्याच्या हातात असेल आणि लायटर त्याच्या खिशात. तू फक्त वाऱ्याच्या अंगाला उभी राहा. त्याचा हात मागं गेला तर जाऊ दे. पुन्हा मागं गेला तर पुन्हा जाऊ दे. लोक घाई करतील, 'पोरी, तूच लाव' म्हणतील. त्याच्या हातातून घेऊ नको. मला तेव्हा कुठंही जायची घाई नसेल.

आणि तो लायटर आता ट्रंकेत नाही. आज पहाटे मी उठले तर परसातल्या बंबाखाली जाळ होता. तुझी आई अजून झोपलेली. तो बंबापुढं बसला होता, दुचाकीच्या टाकीतलं पेट्रोल लायटरला पाजून झालं होतं. म्हणाला, "रोज एकदा तरी पेटवायला पायजे, नायतर पुन्हा सुकंल." मी पाणी अंगावर घेतलं. असलं गरम पाणी फार दिवसांत मिळालं नव्हतं. हे पाणी आता रोज मिळणार म्हटल्यावर जायचा विचार जरा पुढं ढकललाय.

खाली दोन अंगठे उठवलेत. शाईचे नाहीत, कालच्या होळीच्या राखेचे. हळू हात लाव, झडतील. ज्यात रेषा दिसतात तो माझा. शेजारचा गुळगुळीत आहे तो तुझ्या बापाचा. त्याला सही येते, पण म्हणाला, अंगठाच उठवतो. मशीनला कळत नाही तो कुणाचा. तुला कळेल.

तुझी आजी गवराबाई,
आणि तो.